गुन्हे वाढले की नोंदी?

दरवर्षी एक बातमी हमखास छापून येते: महिलांवरील गुन्ह्यांत वाढ. ती वाचून आपण हळहळतो, पोलिसांना बोल लावतो. पण हा आकडा ठाण्यात नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांचा असतो. "घरातलं भांडण आहे, समजुतीने घ्या" असं ऐकून परत गेलेली बाई त्यात कुठेच नसते. गुन्हे वाढणं आणि नोंदणी वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आपल्या अहवालात स्वतःच बजावतो. मथळ्यात मात्र हे येत नाही.

मध्य प्रदेशात हाच मुद्दा प्रयोगाने तपासला गेला. संदीप सुखटणकर, गॅब्रिएल क्रुक्स-विस्नर आणि अक्षय मंगला या अभ्यासकांनी राज्य पोलिसांच्या सहकार्याने 180 ठाणी घेतली. कुठे 'ऊर्जा' महिला मदत कक्ष उघडायचा आणि कुठे नाही, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. मर्जीने निवड झाली असती, तर आधीपासून चांगली चालणारी ठाणीच पुढे आली असती. मग फरक कक्षामुळे पडला की ठाणेदारामुळे, हे कसं कळणार?

कक्षात फार खर्चिक असं काही नव्हतं. बाईला चारचौघांसमोर उभं न राहता, बसून बोलता येईल अशी स्वतंत्र जागा. तक्रार आली की पुढे काय करायचं, याची ठरलेली कार्यपद्धती आणि तिचं प्रशिक्षण. काही ठाण्यांत कक्षाची सूत्रं मुद्दाम महिला अधिकाऱ्यांकडे दिली होती.

2022 साली 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष आले. कक्ष असलेल्या ठाण्यांत महिलांवरील हिंसेच्या नोंदी वाढल्या, आणि जिथे महिला अधिकारी कक्ष सांभाळत होत्या तिथे विशेष वाढल्या. म्हणजे नुसता वार्षिक तक्ता पाहणाऱ्याला नेमकी हीच ठाणी वाईट वाटली असती!

म्हणून असं संशोधन इंग्रजी नियतकालिकांत अडकून राहता कामा नये, असं मला कळकळीने वाटतं. तक्रारी लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्यालाच आपण आकडा वाढला म्हणून धारेवर धरलं, तर पुढच्या वर्षी आकडा कमी करण्याचा सोपा मार्ग त्याच्यासमोर असतोच. मोहल्ला समितीच्या बैठकीत 'गुन्हे किती झाले' याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारता येतील: तक्रार घेऊन किती बायका आल्या, आणि त्यांपैकी किती जणींची तक्रार लिहून घेतली?