शेतीशाळा (एकात्मिक कीड व्यवस्थापन)

एकात्मिक कीड व्यवस्थापन, म्हणजे केवळ फवारणीवर न विसंबता निरीक्षण, किडींचे नैसर्गिक शत्रू व इतर उपायांनी कीड आटोक्यात ठेवणे, हे शेतकऱ्यांनी उभ्या पिकातच, हंगामभर ठरावीक दिवशी जमून शिकण्याची पद्धत. वर्ग साधारण २५ ते ३० जणांचा असतो.

उगमाविषयी एकमत नाही. इंडोनेशियात भातावरील वारेमाप फवारणीने कोळी व इतर नैसर्गिक शत्रू मेले आणि तपकिरी तुडतुडे (भाताचा रस शोषणारी कीड) उफाळले. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने ५७ कीटकनाशके भातासाठी बंद झाली आणि १९८९ च्या सुमारास अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने शेतीशाळा भरू लागल्या. काही अभ्यासक तिची मुळे फिलिपीन्समधील त्याआधीच्या प्रशिक्षणात शोधतात. तंत्रापुरते ते खरे असावे. मात्र हंगामभराची शाळा हे रूप इंडोनेशियातले मानणेच अधिक सयुक्तिक.

महाराष्ट्रात कापसाच्या शेतीशाळेत चार-पाच जणांचा गट शेतात तिरपा चालत २० झाडे पाहतो. प्रत्येक झाडाचे वरचे, मधले आणि खालचे असे एकेक पान हळूच उलटून तुडतुडे, पांढरी माशी मोजतात. ढालकिडा, क्रायसोपा, कोळी हे किडी खाणारे मित्रजीवही मोजतात. आकडे मोठ्या कागदावर चित्रासह मांडून फवारणी करायची की थांबायचे, हे गटच ठरवतो. गुलाबी बोंडअळीचे प्रवेशछिद्र बुजून जाते, म्हणून बोंड बाहेरून निरोगी दिसते. त्यासाठी २० हिरवी बोंडे फोडावीच लागतात. दोन किंवा अधिक बोंडांत अळी सापडल्यास नुकसानीची पातळी (जिच्यापुढे उपाय करावाच लागतो) गाठली असे धरतात. डोमकळ्या (अळी आत असल्याने न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी दिसणारी फुले) वेचून नष्ट करतात. पाहणीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावतात. सलग तीन रात्री सापळ्यागणिक ८ पतंग हा इशारा होय. एका सापळ्यात दोन किडींच्या ल्युर (गंधाच्या वड्या) घालणे आणि मुदत संपलेली ल्युर न बदलणे या नेहमीच्या चुका; पतंग न सापडल्याने कीडच नाही, असा समज होतो. निंबोळी अर्कासाठी निंबोळ्यांचा ५ किलो भरडा १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून १०० लिटर द्रावण करतात. चिकटण्यासाठी २०० ग्रॅम साबणचुरा घालतात. नीट न गाळल्यास पंपाचे नोझल तुंबते.

परिणामांबद्दल वाद आहे. इंडोनेशियातील शेतीशाळांवर जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्पादन व कीटकनाशक वापर यांवर ठळक परिणाम दिसला नाही. इतर अभ्यासांत शिकलेल्यांची फवारणी घटलेली दिसते. ज्ञान शेजाऱ्यापर्यंत आपोआप पोचत नाही, हे मात्र बहुतेकांना मान्य आहे: औषधाचे नाव बांधावरून सांगता येते, पान उलटून मोजण्याची सवय तशी सांगता येत नाही. म्हणूनच वर्ग देवळात भरवून व्याख्यान दिले की शाळा नावापुरती उरते. निंदणी-वेचणी करणाऱ्या बायका रोज पिकात असूनही वर्गात क्वचितच बोलावल्या जातात. ही उणीव मोठी आहे.