परदेशातल्या खालच्या लीगचा फिरस्ता आणि त्याचा दाखला : पार्श्वभूमी

१९९० च्या जुलैत बेल्जियमच्या फुटबॉलमधल्या पहिल्या डिव्हिजनचा पंचविशीतला एक मिडफिल्डर फ्रान्सच्या सेकंड डिव्हिजनमध्ये खेळायला निघाला होता. जायचं होतं लिएजहून डंकर्कला, मोटारीने तीनेक तासांवर. डंकर्कसाठी तो एकही सामना खेळला नाही. करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात बदली शुल्काशिवाय जाऊ देणारा, पाच वर्षांनी लागलेला निकाल आज त्याच्या आडनावाने, बोस्मान निकाल म्हणून, ओळखला जातो. या निकालाची चर्चा झाली की गाडी लगेच मोठ्या क्लबांच्या आणि गडगंज पगारांच्या रुळावर जाते. मुळात हा खटला परदेशातल्या खालच्या लीगमध्ये पोट भरू पाहणाऱ्या एका मध्यम कुवतीच्या खेळाडूचा होता. आज पोलंडच्या तिसऱ्या पायरीवर, माल्टात किंवा पोर्तुगालच्या प्रादेशिक लीगमध्ये दर हंगामाला क्लब बदलणाऱ्या फिरस्त्यांची गोष्ट तिथूनच सांगायला हवी.

त्याआधीचा शंभर वर्षांचा इतिहास थोडक्यात. इंग्लंडमध्ये १८९३ पासून क्लबने 'राखून ठेवलेला' खेळाडू करार संपल्यावरही दुसरीकडे जाऊ शकत नसे. पगार मिळो न मिळो, नोंदणी जुन्या क्लबकडेच राहायची. १९६३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ही पद्धत म्हणजे माणसाच्या उपजीविकेवरचं अवाजवी बंधन असल्याचं ठरवलं. युरोपच्या मुख्य भूमीवर मात्र तिचे भाऊबंद आणखी तीन दशकं टिकून होते.

लिएजच्या क्लबमध्ये या मिडफिल्डरला बोनस धरून महिन्याला सरासरी १ लाख २० हजार बेल्जियन फ्रँक मिळत. करार ३० जून १९९० ला संपणार होता. एप्रिलमध्ये क्लबने नवा एक वर्षाचा करार पुढे केला, ३० हजारांचा. राष्ट्रीय संघटनेच्या नियमांत बसणारी ही किमान रक्कम. त्याने सही केली नाही, म्हणून त्याचं नाव बदलीच्या यादीत गेलं आणि त्याच्यावर किंमत लागली : १ कोटी १७ लाख ४३ हजार फ्रँक. ही किंमत बाजाराने ठरवलेली नव्हती. वर्षाच्या उत्पन्नाला वयानुसार २ ते १४ पर्यंतच्या एका आकड्याने गुणायचं, असा तो हिशोब. म्हणजे पगार द्यायची वेळ आली तेव्हा हा खेळाडू ३० हजारांचा, आणि विकायची वेळ आली तेव्हा जुन्या १ लाख २० हजारांचा. हे दोन्ही आकडे एकाच क्लबने एकाच उन्हाळ्यात मांडले. या प्रकरणाबद्दल मला सर्वात जास्त राग येतो तो इथे.

एवढ्या किमतीला घ्यायला कोणी पुढे आलं नाही, तेव्हा त्याने स्वतःच डंकर्कशी बोलणी केली. महिना साधारण १ लाख फ्रँक आणि सही करताना सुमारे ९ लाख. २७ जुलैला दोन्ही क्लबांत करार झाला : एका वर्षासाठी तात्पुरती बदली, त्याबद्दल लिएजला १२ लाख, आणि पुढे कायमचा हवा असेल तर ४८ लाख. अट एकच. बेल्जियमच्या संघटनेचा बदली दाखला २ ऑगस्टच्या, म्हणजे हंगामातल्या पहिल्या सामन्याआधी फ्रान्सच्या संघटनेकडे पोहोचला पाहिजे.

दाखला म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. शाळा सोडल्याचा दाखला मिळाल्याशिवाय पुढच्या शाळेत नाव लागत नाही, आणि फी थकली म्हणून दाखला अडवणारी शाळा आपल्यातल्या अनेकांच्या घरी माहीत आहे. आंतरराष्ट्रीय बदली दाखल्याचं काम हुबेहूब तेच. जुन्या देशाची संघटना सांगते की हा खेळाडू आता आमच्याकडे नोंदलेला नाही. त्याशिवाय नव्या देशात नोंदणी होत नाही. खेळाडूच्या हातात तो कधीच पडत नाही. संघटनेकडून संघटनेकडे जातो.

लिएजच्या क्लबने तो पाठवायची विनंती आपल्या संघटनेला केलीच नाही. डंकर्कच्या पैशाची खात्री वाटत नाही, हे कारण दिलं. दोन्ही करार आपोआप पडले. ३१ जुलैला लिएजने खेळाडूला निलंबितही केलं, म्हणजे तो पूर्ण हंगाम घरी.

या एका निर्णयावर अजूनही दोन मतं आढळतात. क्लबच्या बाजूने बोलणारे म्हणतात की सेकंड डिव्हिजनचे क्लब बुडतात हे खरंच आहे, आणि १२ लाख मिळायचे होते ते दाखला पोहोचल्यावर. खेळाडूही गेला आणि पैसेही बुडाले असं झालं असतं तर भरून कोण देणार? शंका घ्यायला जागा होती हे मान्य. पण शंकेवर उपाय म्हणून बँकेची हमी मागता आली असती. रकमेचा काही भाग आगाऊ घेता आला असता. अट बदलून पुन्हा सही करता आली असती. हातात सहा दिवस होते. क्लबने यातलं काही न करता सगळी जोखीम ज्याचा करार महिन्यापूर्वीच संपला होता त्या माणसाच्या माथी मारली. डंकर्कने पैसे थकवले असते तर तो दोन क्लबांमधला व्यवहार होता. त्यासाठी खेळाडूचा हंगाम ओलीस ठेवण्याचं समर्थन मला तरी करता येत नाही.

८ ऑगस्टला तो न्यायालयात गेला. पुढची पाच वर्षं कायद्याच्या पुस्तकांत मिळतात, त्याच्या फुटबॉलबद्दल मात्र फारसं कोणी लिहीत नाही. ऑक्टोबर १९९० मध्ये फ्रान्सच्याच सेकंड डिव्हिजनमधल्या सँ-काँतँ शहराच्या क्लबने त्याला घेतलं, तेही न्यायालयाने अंतरिम परवानगी दिली तरच या अटीवर. पहिल्याच हंगामाअखेर करार संपवला. फेब्रुवारी १९९२ मध्ये तो थेट मादागास्करजवळच्या रेयुनियों बेटावर, सँ-दनीच्या क्लबकडे गेला. तोही करार मोडला. शेवटी बेल्जियममधल्या शार्लरॉय शहरातल्या तिसऱ्या डिव्हिजनच्या क्लबने त्याला जागा दिली. कागदोपत्री तो 'फ्री' होता. तरीही युरोपातल्या क्लबांनी त्याच्यावर बहिष्कार घातल्याचे सबळ परिस्थितीजन्य पुरावे असल्याची नोंद निकालपत्रातच आहे. १५ डिसेंबर १९९५ ला लक्झेंबर्गच्या न्यायालयाने, म्हणजे युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने, करार संपलेल्या खेळाडूसाठी युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात जाताना पैसे मागणं बेकायदा ठरवलं आणि संघातल्या इतर देशांच्या खेळाडूंवरची संख्येची मर्यादाही काढली. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता.

त्या दिवसापासून 'फ्री' हा शब्द सैल वापरला जातो, आणि फिरस्त्याच्या आयुष्यात सगळ्यात जास्त घोटाळा हाच शब्द करतो. करार संपला म्हणजे बदली शुल्क नाही, एवढंच त्यातून कळतं. खेळाडू नव्या क्लबला फुकटात पडतो असा त्याचा अर्थ नाही. मार्च २००१ मध्ये युरोपीय आयोगाशी तडजोड करून जागतिक फुटबॉल संघटनेने, म्हणजे फिफाने, जे नियम त्याच वर्षी लागू केले, त्यांत प्रशिक्षण भरपाई आली. खेळाडूच्या १२ ते २१ वर्षांदरम्यान ज्यांनी त्याला घडवलं, त्यांना पहिल्या व्यावसायिक कराराच्या वेळी आणि पुढे २३ व्या वाढदिवसाच्या हंगामाअखेरपर्यंत प्रत्येक परदेशी बदलीवर पैसे द्यायचे. हेतू रास्त होता. मुलं घडवणारे छोटे क्लब जगले पाहिजेत, यावर कोणाचं दुमत नसावं.

पण दर बघा. क्लबांच्या चार श्रेणी. युरोपात पहिलीला दर प्रशिक्षण वर्षामागे ९० हजार युरो, दुसरीला ६० हजार, तिसरीला ३० हजार, चौथीला १० हजार. समजा एखादा मुलगा १८ ते २१ वर्षांदरम्यान व्यावसायिक म्हणून एका क्लबात होता आणि 'फ्री' होऊन परदेशातल्या तिसऱ्या श्रेणीच्या क्लबकडे निघाला. तीन वर्षांचे ९० हजार युरो. जिथे खेळाडूला महिन्याला हजार-दीड हजार युरो देताना ओढाताण होते, तिथे एवढी रक्कम कोणी भरत नाही. क्लब त्याला घेतच नाही. चौथ्या श्रेणीच्या क्लबकडे गेल्यास भरपाई माफ आहे, म्हणून पुष्कळ फिरस्त्यांच्या पायवाटा तिकडूनच जातात. युरोपीय संघात आणखी एक फट आहे : करार संपायच्या ६० दिवस आधी जुन्या क्लबने नवा प्रस्ताव दिला नसेल, तर सहसा त्याचा दावा उरत नाही. बाकीच्यांना हक्कसोडीचं पत्र आणावं लागतं. अशा खेळाडूच्या पाठपिशवीत बुटांच्या शेजारी प्लास्टिकचं फोल्डर असतं : पासपोर्टच्या प्रती, जुना करार, करार संपल्याचं पत्र, आणि लेटरहेडवर शिक्का मारलेलं 'आम्ही भरपाई मागणार नाही' असं दोन ओळींचं पत्र. ते दोन ओळींचं पत्र नसेल तर चाचणी सामन्यात दोन गोल करूनही उपयोग होत नाही. २०१० मध्ये लक्झेंबर्गच्याच न्यायालयाने, एका फ्रेंच तरुणाच्या इंग्लंडला जाण्याच्या प्रकरणात, भरपाईचं तत्त्व मान्य केलं पण ती खऱ्या खर्चाशी जुळली पाहिजे असं बजावलं. श्रेणींचे दर त्यानंतरही ठोकताळ्यानेच चालत राहिले.

पगाराची बाजू त्याहून बिकट. २०१६ मध्ये खेळाडूंच्या जागतिक संघटनेने ५४ देशांतल्या सुमारे १४ हजार व्यावसायिकांना विचारलं. ४१ टक्क्यांचे पगार मागच्या दोन हंगामांत उशिरा झाले होते, आणि ४५ टक्क्यांहून अधिक जण महिन्याला हजार डॉलरपेक्षा कमी कमावत होते. जून २०१८ पासून दोन महिन्यांचा पगार थकला तर १५ दिवसांची नोटीस देऊन करार सोडता येतो. फिरस्त्याच्या हाती आलेलं हे पहिलं खरं हत्यार. परक्या गावात, क्लबनेच दिलेल्या खोलीत राहून ती नोटीस पाठवायला मात्र धाडस लागतं.

यातलं किती आपल्या मुलांना लागू होतं? भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याला बोस्मान निकालाने दिलेली युरोपातली मोकळीक मिळत नाही. त्याला आधी व्हिसा आणि कामाचा परवाना हवा. १९९९ मध्ये सिक्कीमचा एक स्ट्रायकर इंग्लंडच्या तिसऱ्या पायरीवरच्या क्लबकडे गेला, तोही परवान्यावर. पुढे स्लोव्हाकियाच्या कोल्पॅक नावाच्या हँडबॉल गोलरक्षकाच्या २००३ च्या निकालाने युरोपीय संघाशी करार असलेल्या देशांच्या खेळाडूंना दार उघडलं. कोल्पॅक हा शब्द आपल्याकडे इंग्लिश काउंटीत खेळणाऱ्या दक्षिण आफ्रिकी क्रिकेटपटूंमुळे माहीत झाला, तो तिथलाच. भारत त्या यादीत नव्हता.

गोव्याची गोष्ट वेगळी. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वावर दावा करता येतो. आजोबांचा जन्मदाखला लिस्बनमध्ये नोंदला गेला आणि पुढे नातवालाही नागरिकत्व मिळालं, की तो युरोपीय नागरिक म्हणून तिथल्या कोणत्याही खालच्या लीगमध्ये मुक्तपणे सही करू शकतो. त्याबदल्यात भारतीय नागरिकत्व जातं, आणि केंद्र सरकारच्या २००८ च्या भूमिकेनुसार भारतीय पासपोर्ट नसलेला खेळाडू देशाच्या संघात बसत नाही. विशीतल्या मुलाला ही निवड करायला लावणं मला कठोर वाटतं. इंग्लंडचा मार्गही या पोर्तुगीज पासपोर्टला १ जानेवारी २०२१ पासून बंद झाल्यासारखा आहे. तिथे आता गुण मोजून मान्यता मिळते आणि गुण मिळतात वरच्या लीगचे. २०२३ पासून तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या क्लबांना मिळालेल्या दोन-दोन सवलतीच्या जागा तेवढ्या उरल्या.

दाखल्याचं पुढे काय झालं? २०१० पासून व्यावसायिकांच्या आंतरराष्ट्रीय बदल्या संगणक प्रणालीतून होऊ लागल्या. दोन्ही क्लबांनी भरलेले तपशील जुळल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. फॅक्सचा घोळ मिटला, अडवणूक राहिली. मॉस्कोतला करार तुटलेल्या एका फ्रेंच मिडफिल्डरला बेल्जियममधल्या क्लबने घ्यायचं ठरवलं, पण जुन्या क्लबच्या नुकसानभरपाईत आपणही अडकू या भीतीने आणि दाखल्याच्या अडचणीने ते फिसकटलं. तो क्लबही शार्लरॉयचाच. ४ ऑक्टोबर २०२४ ला लक्झेंबर्गच्या न्यायालयाने असे नियम खेळाडूच्या मुक्त संचाराच्या आड येतात असा निकाल दिला. त्याच डिसेंबरात फिफाने अंतरिम नियम केले : दाखला मागितल्यापासून ७२ तासांत जुन्या संघटनेने तो द्यायचा, नाही दिला तर नव्या संघटनेला खेळाडूची नोंदणी करून टाकता येते. पैशाचा वाद मागाहून.

१९९० मध्ये डंकर्कचा करार २७ जुलैला झाला होता. हाच नियम तेव्हा असता आणि दाखला त्याच दिवशी मागितला असता, तर मुदत ३० जुलैला संपली असती. निलंबनाच्या एक दिवस आधी, पहिल्या सामन्याच्या तीन दिवस आधी.