यान गारबारेकांचा सूर कुठून आला?

यान गारबारेक हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते झाकीर हुसेन यांच्या 'मेकिंग म्युझिक' या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर. १९८७ साली ती आली. तबल्यावर झाकीरभाई, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर जॉन मॅक्लॉक्लिन आणि चौथे हे नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक. ऐकताना एका गोष्टीचं नवल वाटायचं. बासरी थांबायची, सॅक्सोफोन सुरू व्हायचा आणि मधला सांधा जाणवायचाच नाही. लग्नाच्या बँडमध्ये किंवा जुन्या हिंदी गाण्यांच्या तुकड्यांत जो सॅक्सोफोन आपण ऐकत आलो, त्याच्याशी याचं काही नातं दिसत नव्हतं. सूर बारीक, धारदार आणि जवळजवळ न थरथरता लागलेला. तो लागल्यावर घाईनं पुढच्या सुरावर उडी नाही. आहे तिथेच थोडं थांबायचं, त्याला फुलू द्यायचं आणि मग किंचित वर ओढून सोडून द्यायचं.

युरोपातल्या जॅझबद्दल लिहिणारे पुष्कळ जण या सुराचं श्रेय नॉर्वेच्या बर्फाला आणि तिथल्या खोल खाड्यांना देऊन मोकळे होतात. मला ते कधीच पटलं नाही. बर्फ तिथे हजारो वर्षं पडतो आहे. सूर घडतो तो माणसांच्या सहवासात, आणि गारबारेकांच्या बाबतीत ती माणसं कोण हे नीट सांगता येतं.

गारबारेकांचा जन्म ४ मार्च १९४७चा, दक्षिण नॉर्वेतल्या मीसेन गावचा. आई नॉर्वेतल्या शेतकऱ्याची मुलगी. वडील पोलिश, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी कैदी म्हणून नॉर्वेत आणलेले आणि युद्ध संपल्यावर तिथेच राहिलेले. मुलगा ऑस्लोत वाढला, पण सात वर्षांचा होईपर्यंत त्याला कुठल्याच देशाचं नागरिकत्व नव्हतं. 'नॉर्वेचा आवाज' म्हणून पुढे जगभर ओळखला गेलेला हा माणूस लहानपणी कागदोपत्री नॉर्वेचासुद्धा नव्हता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

चौदाव्या वर्षी त्यानं रेडिओवर अमेरिकी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांचं 'काउंटडाउन' ऐकलं आणि सॅक्सोफोनच हवा असा हट्ट धरला. वाद्य हातात येण्याआधी पुस्तकात बघून बोटं कुठे ठेवायची याचा सराव केला. पुढच्याच वर्षी, १९६२ साली, हौशी जॅझवादकांच्या स्पर्धेत तो पहिला आला. कोल्ट्रेन स्वतः त्या काळात रविशंकरांच्या संगीतानं भारावलेले होते. १९६१मध्ये त्यांनी 'इंडिया' नावाची रचना वाजवली आणि पुढे मुलाचं नावही रवी ठेवलं. त्यामुळे गारबारेकांनी कोल्ट्रेनना गुरू मानलं, तेव्हाच आपल्याकडचं काहीतरी आडवाटेनं त्यांच्या कानावर पडू लागलं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

दुसरा माणूस जॉर्ज रसेल. हे अमेरिकी संगीतकार १९६४नंतर काही वर्षं स्कँडिनेव्हियात राहिले. १९६५ साली नॉर्वेतल्या मोल्डेच्या जॅझ महोत्सवात त्यांनी अठरा वर्षांच्या गारबारेकांना ऐकलं आणि आपल्या वाद्यवृंदात घेतलं. रसेल यांनी जॅझसाठी एक सिद्धांत मांडला होता. त्याच्या मुळाशी लिडियन स्वरसप्तक आहे, म्हणजे स्थूलमानानं आपला कल्याण थाट: बाकी सूर शुद्ध, मध्यम तीव्र. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांचे गट, सतत बदलत न राहता एका स्वरसमूहात दीर्घकाळ राहून काय काय सापडतं, हे शोधण्याची दृष्टी त्यातून मिळते. रागसंगीतावर वाढलेल्या कानाला गारबारेक परके का वाटत नाहीत, याचं एक कारण मला इथे दिसतं.

तिसरे डॉन चेरी. हे अमेरिकी ट्रम्पेटवादक तेव्हा स्वीडनमध्ये राहत होते आणि मिळेल त्या देशाचं संगीत शिकत होते. ऑस्लोतल्या तरुण वादकांना त्यांनी स्वतःच्या लोकसंगीताकडे वळून बघायला लावलं. अमेरिकेची हुबेहूब नक्कल करता आली म्हणजे जॅझ जमला, असं मानणाऱ्या पिढीला हा सल्ला एका अमेरिकी माणसानं द्यावा! डोंगरातल्या गुराखी बायका गुरांना घालतात त्या लांबलचक हाका, शेळीच्या शिंगाचं वाद्य, लग्नाच्या वरातीचे सूर हे सगळं गारबारेकांच्या वादनात आलं ते त्यानंतर.

मग म्युनिकचे मान्फ्रेड आयशर. १९६९ साली त्यांनी ईसीएम ही ध्वनिमुद्रण कंपनी काढली. त्याच वर्षी इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात त्यांनी रसेल यांच्याबरोबर वाजवणाऱ्या गारबारेकांना ऐकलं. सप्टेंबर १९७०मध्ये ऑस्लोत 'आफ्रिक पेपरबर्ड'चं ध्वनिमुद्रण झालं. गिटारवर तेर्ये रिपडाल, बासवर आरिल्ड आन्डर्सन, ड्रम्सवर यॉन क्रिस्टेन्सन, आणि ध्वनिमुद्रक यान एरिक कोंग्सहाउग. ईसीएमचा म्हणून जो स्वच्छ, खोल, प्रत्येक वाद्याभोवती मोकळी जागा ठेवणारा आवाज ओळखला जातो, तो कोंग्सहाउग यांच्या हातून घडत गेला. या पहिल्या मुद्रिकेतला सॅक्सोफोन मात्र अजून ओरडणारा, रागावलेला आहे. नंतरचे शांत गारबारेक ऐकून त्यांच्याकडे वळलेल्यांनी ही जरूर ऐकावी. ती शांतता किती दंगा करून झाल्यावर आली आहे ते कळतं.

माझ्या मते पहिलं शिखर १९७३चं 'विची-ताय-तो'. पियानोवर बोबो स्टेनसन, बासवर पाले डानिएलसन, ड्रम्सवर पुन्हा क्रिस्टेन्सन. त्यातल्या रचनांची यादी पाहिली तरी बर्फाचा सिद्धांत वितळतो. एक रचना क्युबाच्या कार्लोस पुएब्ला यांची, एक अमेरिकी संगीतकार कार्ला ब्ले यांची, शीर्षकगीत जिम पेपर या मूळनिवासी अमेरिकी सॅक्सोफोनवादकानं आपल्या जमातीच्या मंत्रगीतावरून केलेलं आणि शेवटी डॉन चेरी यांची 'डिझायरलेस'. ही शेवटची वीस मिनिटांपेक्षा जास्त चालते. छोटीशी धून, तीच पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडी अधिक तापलेली. बडा ख्याल ऐकायची सवय असलेल्या माणसाला इथे बोट धरून न्यावं लागत नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये पियानोवादक कीथ जॅरेट ऑस्लोत आले आणि गारबारेक, डानिएलसन, क्रिस्टेन्सन यांना घेऊन त्यांनी 'बिलाँगिंग' ध्वनिमुद्रित केली. जॅरेट यांच्या रचनांत गॉस्पेलची, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकी चर्चमधल्या भक्तिगीतांची, ऊब आहे. त्या उबेवर गारबारेकांचा थंड, सरळ सूर आला की अंगावर काटा येतो. शीर्षकाच्या छोट्याशा रचनेत तर ते धून फक्त मांडतात आणि तेवढंच पुरेसं होतं. याच मुद्रिकेतल्या एका रचनेशी स्टीली डॅन या अमेरिकी रॉक जोडीचं 'गाऊचो' इतकं जुळलं की अखेर जॅरेट यांचं नाव सहरचनाकार म्हणून घालावं लागलं. आणि २०२५ साली ब्रॅनफर्ड मार्सालिस या अमेरिकी सॅक्सोफोनवादकानं 'बिलाँगिंग' पहिल्यापासून शेवटपर्यंत नव्यानं वाजवून प्रसिद्ध केली. ऑस्लोच्या मुलांनी अमेरिकेकडून शिकायचं, हा प्रवाह पन्नास वर्षांनी उलटा वाहताना पाहून मला मनापासून आनंद झाला. याच चौघांची १९७७ची 'माय साँग' नव्या श्रोत्यानं आधी ऐकावी. ती लगेच जवळ घेते.

त्यानंतर गारबारेकांनी एकामागून एक मुद्रिका केल्या, सगळ्याच सारख्या उंचीच्या नाहीत. १९७६ची 'डिस' वेगळी: राल्फ टाउनर यांची गिटार आणि समुद्रकाठच्या वाऱ्यानं आपोआप छेडल्या जाणाऱ्या तारांचा नाद. तंबोऱ्यासारखा तो मागे भरून राहतो आणि सॅक्सोफोन त्यावर आलापी केल्यासारखा चालतो. ऐंशीच्या दशकातल्या काही मुद्रिकांत सिंथेसायझरचा थर जाड झाला आहे, आणि तिथे माझं मन रमत नाही.

त्याच दशकात आपल्या मंडळींशी त्यांचं येणंजाणं वाढलं. १९८४ साली व्हायोलिनवादक एल. शंकर यांच्या 'साँग फॉर एव्हरीवन'मध्ये गारबारेक आहेत, झाकीरभाई आहेत आणि मुंबईचे त्रिलोक गुर्टूही आहेत. शोभा गुर्टू यांच्या ठुमऱ्या ज्या घरात रोज कानावर पडत, त्या घरातला हा मुलगा. 'मेकिंग म्युझिक' त्यानंतरची. १९९०मध्ये पतियाळा घराण्याचे पाकिस्तानी गायक उस्ताद फतेह अली खाँ यांच्याबरोबर ऑस्लोत 'रागाज अँड सागाज' ध्वनिमुद्रित झाली. यात गारबारेक गायकाशी चढाओढ करत नाहीत, तो जागा सोडतो तिथेच ते येतात. आपल्याकडच्या चांगल्या सारंगीवाल्याकडे असते ती समज त्यांच्याकडे आहे.

ही समज सर्वांत जास्त उपयोगी पडली ती 'ऑफिशियम'मध्ये. सोळाव्या शतकातल्या क्रिस्तोबाल दे मोरालेस या स्पॅनिश संगीतकाराचं चर्चसंगीत आयशर यांच्या डोक्यात बसलं होतं. त्यांनी हिलियर्ड आँसाम्बल या चार ब्रिटिश गायकांच्या चमूला गारबारेकांशी जोडून दिलं, आणि सप्टेंबर १९९३मध्ये ऑस्ट्रियातल्या सांक्ट गेरोल्ड मठात ध्वनिमुद्रण झालं. गायक लिहिलेलं गातात, सॅक्सोफोन ऐकून उत्स्फूर्त वाजवतो. दगडी भिंतींतून परतणारा नाद हा जणू सहावा कलाकार. दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. शुद्धतावादी दोन्ही बाजूंनी नाराज झाले, जॅझवाले आणि चर्चसंगीतवालेही. मी मात्र मोरालेस यांच्या 'पार्चे मिही दोमिने'ला सॅक्सोफोन पहिल्यांदा हळूच येऊन मिळतो ती जागा गेली कित्येक वर्षं ऐकतो आहे, आणि अजून पुरी झालेली नाही.

गारबारेकांनी स्वतःच्या नावावर मैफलीतलं ध्वनिमुद्रण मात्र चार दशकं काढलंच नव्हतं. ते आलं २००९ साली, 'ड्रेस्डेन', त्या जर्मन शहरातल्या ऑक्टोबर २००७मधल्या मैफलीचं. पुढे त्रिलोक गुर्टू त्यांच्या चमूत वाजवू लागले. ड्रेस्डेनच्या त्या मुद्रिकेची सुरुवात होते 'पेपर नट'नं: एल. शंकर यांची धून, १९८४च्या 'साँग फॉर एव्हरीवन'मधली पहिली.