केटरिंगचा 'टी' आणि हातचं मैदान

केटरिंग टाउन हे नाव बहुतेकांना एकाच कारणासाठी ठाऊक असतं: छातीवर जाहिरात लावून उतरलेला ब्रिटनमधला पहिला फुटबॉल क्लब. क्लबचा जन्म मात्र 1872 चा. इंग्लंडमधलं नॉर्थम्प्टनशायर म्हणजे चपला-बुटांच्या कारखान्यांचा मुलूख आणि त्यातलं केटरिंग हे छोटंसं गाव. 1897 पासून रॉकिंगहॅम रोड हे क्लबचं घर. लाल जर्सीमुळे 'पॉपीज' हे टोपणनाव. सदर्न लीग या खालच्या दर्जाच्या स्पर्धेची काही विजेतेपदं आणि वरच्या लीगमध्ये घ्या म्हणून केलेले अर्ज, यात पुढची कित्येक दशकं गेली. वर जायचं तर तेव्हा आतल्या क्लबांनी मतं द्यावी लागत, आणि आतले लोक सहसा आतल्यांनाच मत देत.

1975 मध्ये वूल्व्ह्ज या मोठ्या क्लबाचा गाजलेला उत्तर आयरिश फॉरवर्ड डेरेक डूगन इथला कारभारी होऊन आला. हा गृहस्थ त्याच वेळी खेळाडूंच्या संघटनेचाही अध्यक्ष होता, म्हणजे नियमांवरून वाद घालणं त्याच्या रोजच्या कामातलं. त्याने गावातल्याच एका टायरवाल्याशी सौदा केला आणि 24 जानेवारी 1976 रोजी बाथ सिटीविरुद्ध संघ 'केटरिंग टायर्स' अशी अक्षरं मिरवत उतरला. चारच दिवसांत इंग्लंडच्या फुटबॉलची नियामक असलेल्या फुटबॉल असोसिएशनकडून (एफए) हुकूम आला: अक्षरं काढा. अशा जाहिरातींना 1972 पासूनच बंदी आहे, असं नियामकांचं म्हणणं. ती लेखी कुठे आहे ते दाखवा, असं क्लबचं म्हणणं.

मग 'टायर्स' पुसून नुसतं 'केटरिंग टी' उरलं. हा 'टी' टाउनचा आहे, असं क्लबने साळसूदपणे कळवलं. गावाचं नाव छातीवर लिहायला कुणाची हरकत असणार? काही आठवडे ही पळवाट चालूनही गेली. शेवटी हजार पौंड दंडाची तंबी आली आणि 'टी'सुद्धा गेला. सदर्न लीगमधल्या क्लबाला हजार पौंड परवडण्यासारखे नव्हतेच.

नियामकांची बाजू अगदीच पोकळ होती असं नाही. जर्सीचा फलक झाला तर खेळ दुकानदारांच्या हाती जाईल ही भीती तेव्हा खरी होती, आणि आजच्या बेटिंग कंपन्यांची नावं पाहता ती अनाठायी म्हणवत नाही. पण ही भीती नेमकी कुणावर काढली? मैदानाभोवती जाहिरातींच्या पाट्या खुशाल चालत होत्या. जर्मनीत ब्राउनश्वाइग या क्लबाने 1973 मध्येच मद्य कंपनीचं हरणाचं चिन्ह छातीवर घेतलं होतं. दट्ट्या बसला तो सगळ्यात गरीब क्लबाला. वर्षभराने केटरिंगच्याच प्रस्तावाला डर्बी आणि बोल्टन या क्लबांची जोड मिळाली आणि जून 1977 मध्ये परवानगी आली. एवढं करून केटरिंगला नवा प्रायोजक मिळाला नाही. 1979 मध्ये लिव्हरपूलने जपानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीशी करार केला आणि मलई मोठ्यांच्या ताटात गेली. टीव्हीवाल्यांनी तर जाहिरातीच्या जर्सीतले सामने दाखवायला 1983 पर्यंत नकारच दिला.

1979 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नॉन-लीगमध्ये, म्हणजे मुख्य लीगच्या लगेच खालच्या स्पर्धेत, केटरिंग पहिल्या दिवसापासून होतं. चार वेळा दुसरा नंबर, पहिला एकदाही नाही. त्यातले तीन 1987 नंतरचे, म्हणजे विजेत्याला मुख्य लीगमध्ये थेट बढती मिळू लागल्यानंतरचे. 2005 मध्ये इंग्लंडचा एकेकाळचा लाडका, आणि दारूने पोखरलेला, मिडफिल्डर पॉल गॅस्कॉइन मॅनेजर म्हणून आला आणि 39 दिवसांत गेला. त्यावर बातम्याच फार झाल्या. 24 जानेवारी 2009 ला एफए कपच्या चौथ्या फेरीत प्रीमियर लीगमधलं फुलहॅम रॉकिंगहॅम रोडवर आलं. शेवटच्या काही मिनिटांपर्यंत 2-2 होतं, निकाल फुलहॅमच्या बाजूने 4-2 लागला. तारीख जाहिरातीच्या त्या पहिल्या जर्सीचीच, 33 वर्षांनंतरची.

पुढचं प्रकरण मैदानाचं. रॉकिंगहॅम रोडची जमीन क्लबच्या मालकीची नव्हती आणि भाडेपट्ट्याची मुदत संपत आली होती. त्याच सुमारास शेजारचा प्रतिस्पर्धी रश्डेन अँड डायमंड्स बुडाला आणि अर्थलिंगबरोचं त्यांचं नीन पार्क रिकामं झालं. 2011 मध्ये केटरिंग तिथे गेलं. नाइलाज होता म्हणणारे आजही आहेत, पण दोन वर्षांचा पट्टा हाताशी असताना दुसऱ्याचा पांढरा हत्ती पोसायला घेण्याला नाइलाज म्हणणं जड जातं. गावचा प्रेक्षक दूर पडला, रश्डेनचा प्रेक्षक येणार नव्हताच आणि खर्च मात्र मोठ्या स्टेडियमचा. वर्षभरात पगार थकले. 2012 मध्ये क्लब दोन पायऱ्या खाली ढकलला गेला, आणि त्या ऑक्टोबरात बॅशलीविरुद्ध अकरा जणही जमले नाहीत. दहा जणांनी सात गोल खाल्ले. मग विजेच्या थकबाकीपायी नीन पार्क अंधारात गेलं आणि संघ कॉर्बीला, तिथून बर्टन लॅटिमरच्या लॅटिमर पार्कवर आला. रॉकिंगहॅम रोड आणि नीन पार्क दोन्ही पुढे जमीनदोस्त झाली.

2015 आणि 2019 मध्ये बढती मिळाली, 2023 मध्ये पुन्हा घसरण. नोव्हेंबर 2024 मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या सातव्या पायरीवरच्या याच संघाने एफए कपमध्ये तिसऱ्या पायरीवरच्या नॉर्थम्प्टनला त्यांच्याच मैदानावर जादा वेळेत 2-1 हरवलं. त्या कपातून बक्षिसाची रक्कम आली. ज्या गावाचं नाव छातीवर लिहिण्यावरून एवढं रामायण झालं, त्या गावात मात्र क्लबचं स्वतःचं मैदान तेव्हाही नव्हतं.