४५ अंशांतली सोय : इलेक्ट्रिक गाडीकडून खान्देश काय मागतो आणि का

नवी इलेक्ट्रिक गाडी बघायला जळगावच्या किंवा धुळ्याच्या शोरूममध्ये गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘एका चार्जिंगमध्ये किती जाते?’ आणि लगेच दुसरा, ‘एसी लावून किती जाते?’ हा दुसरा प्रश्न इथे टळत नाही. एप्रिल-मेमध्ये जळगाव, भुसावळ, रावेर, यावल या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, सरकारी रुग्णालयांत उष्माघात कक्ष उघडावे लागतात, भरदुपारी बाजारपेठा ओस पडतात. कंपनीच्या माहितीपत्रकात मात्र एसी, हवेशीर सीट, मोबाइलवरून चालू होणारा गारवा या गोष्टी शेवटच्या पानावर, सनरूफ आणि रंगीत दिव्यांच्या शेजारी छापलेल्या असतात. माझ्या मते खान्देशात त्यांची जागा पहिल्या पानावर, बॅटरीच्या आकड्याला लागून आहे. या सोयी कुठून आल्या हे पाहिलं की त्यातली कुठली आपल्या कामाची आणि कुठली नाही हेही उलगडतं.

विजेवरची मोटार जन्मली तीच सोयीची गाडी म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पेट्रोलची गाडी चालू करायची म्हणजे पुढे उभं राहून लोखंडी हँडल फिरवावं लागे. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचं. गिअर कडक, धूर आणि आवाज वेगळाच. विजेच्या गाडीत यातलं काही नव्हतं. म्हणून शहरातल्या डॉक्टरांनी आणि स्त्रियांनी ती पसंत केली. हेन्री फोर्ड पेट्रोलच्या गाड्या लाखोंनी बनवत असताना त्यांच्या पत्नी क्लारा फोर्ड १९१४ची डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवत होत्या. पण त्याआधीच, १९१२मध्ये, कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर बसवला होता आणि हँडल फिरवण्याची कटकट संपली होती. विजेच्या गाडीची सर्वांत मोठी सोय पेट्रोलच्या गाडीने उचलली. स्वस्त पेट्रोल आणि लांबचा पल्ला तिच्याकडे होताच. पुढच्या दोन दशकांत विजेची मोटार रस्त्यावरून जवळजवळ नाहीशी झाली.

गारव्याची गोष्ट त्यानंतरची. कारखान्यातूनच एसी बसवून आलेली पहिली मोटार १९४०ची पॅकार्ड. तिची यंत्रणा मागच्या सीटमागे बसवलेली होती आणि डिकीची बरीच जागा खात होती. एसी बंद करायचा असेल तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा काढावा लागे. हा प्रकार फार टिकला नाही. १९५४मध्ये नॅश या कंपनीने सगळी यंत्रणा बॉनेटखाली आणि डॅशबोर्डमध्ये बसवून दाखवली. नॅशचीच भावंड-कंपनी केल्व्हिनेटर. आपल्याकडे हे नाव फ्रिजमुळे घरोघरी माहीत आहे आणि गाडीच्या गारव्यात फ्रिजवाल्यांचं डोकं होतं हे समजलं की बऱ्याच गोष्टी जुळतात.

पॅकार्डपासून पुढची साठ वर्षं एक बंधन मात्र कायम राहिलं. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन चालू असेल तरच गारवा.

खान्देशात तर तो गारवाही फार उशिरा आला. ॲम्बॅसेडर आणि फियाटच्या जमान्यात उन्हावरचा उपाय म्हणजे खिडकीच्या काचा खाली, मानेवर ओला पंचा आणि सीटवर लाकडी मण्यांचं कव्हर. ते कव्हर शोभेसाठी नव्हतं. उन्हात तापलेलं रेक्झिन पाठीला चिकटतं, मण्यांमुळे पाठ आणि सीट यांच्यामधून हवा खेळते. गावोगाव धावणाऱ्या काळी-पिवळी जीपमध्ये तर दरवाजाच नसायचा आणि दुपारी झळा सरळ तोंडावर यायच्या. एसीची गाडी रस्त्यावर नेहमी दिसू लागली ती १९९०च्या दशकानंतर. त्यासोबत काचांवर काळी फिल्म आली. मग २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तशा फिल्मवर बंदी घातली. समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, हा नियम काटेकोर झाला. सुरक्षेसाठी तो निर्णय झाला आणि पाळलाच पाहिजे. पण त्यानंतर उन्हाचा सगळा भार एसीवर आला हेही खरं.

इंजिनाच्या पट्ट्यातून एसी सुटला तो पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या टोयोटा प्रियसमुळे. २००३मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये कॉम्प्रेसर पूर्णपणे विजेवर चालत होता. सिग्नलला इंजिन थांबलं तरी गारवा थांबत नव्हता. इंजिनाशिवाय एसी चालू शकतो म्हटल्यावर माणूस गाडीत नसतानाही तो चालवता येईल, हा पुढचा विचार आपोआप आला. त्याआधी, १९९६मध्ये, जनरल मोटर्सच्या ईव्ही-१ या विजेच्या गाडीत बसण्याआधी आतली हवा तयार ठेवण्याची सोय होतीच. २०१०च्या निसान लीफने ती मोबाइलवर आणली. भारतात २०१३मध्ये महिंद्राच्या ई-टू-ओने मोबाइलवरून एसी चालू करायची सोय दिली आणि २०२०च्या टाटा नेक्सॉन ईव्हीपासून ती मध्यमवर्गीय घरांत पोहोचली.

नव्या गाडीत खान्देशासाठी सर्वांत मोलाची सोय कुठली, असं विचारलं तर मी हीच सांगेन. बंद गाडी उन्हात तासभर उभी राहिली की आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा साधारण २० अंशांनी चढतं. बाहेर ४४ असेल तर आत साठीच्या पुढे. स्टिअरिंगला हात लावता येत नाही, लहान मूल किंवा म्हातारं माणूस तशा गाडीत बसवणं धोक्याचं असतं. पेट्रोलच्या गाडीत दारं उघडून, इंजिन चालू करून दहा मिनिटं बाहेर उन्हात उभं राहावं लागतं. विजेची गाडी घरातून निघायच्या आधी गार करता येते. त्यातही गाडी चार्जरला लावलेली असतानाच गार केली तर वीज भिंतीतून घेतली जाते, बॅटरी भरलेलीच राहते. हे महत्त्वाचं, कारण एसीला सर्वांत जास्त वीज लागते ती तापलेली गाडी पहिल्यांदा थंड करताना. एकदा आत गारवा झाला की तो टिकवायला तासाला साधारण एक-दीड युनिट पुरतं. ताशी ६०च्या वेगाने जाणारी मध्यम आकाराची गाडी धावण्यासाठी तासाला सात-आठ युनिट घेते. म्हणजे हायवेवर एसीमुळे पल्ला घटतो, पण निम्मा होत नाही. शहरात, गाडी मुंगीच्या चालीने सरकत असताना, एसीचा वाटा जास्त दिसतो, कारण तो किलोमीटर मोजत नाही, वेळ मोजतो.

या सोयीत एक खोट आहे. ती मोबाइलच्या नेटवर्कवर आणि कंपनीच्या सर्व्हरवर चालते. धडगाव किंवा तोरणमाळच्या बाजूला, सातपुड्याच्या कुशीत, रेंज गेली की ॲप निरुपयोगी. शिवाय काही वर्षांनंतर अशा सेवांना वर्गणी लागू शकते. म्हणून एसी चालू करायचं बटण गाडीच्या चावीवर किंवा ठरावीक वेळेचा टायमर गाडीच्याच स्क्रीनवर आहे का, हे घेण्याआधी विचारून घ्यावं.

हवेशीर सीटचा इतिहास तर आपल्या देशाशी थेट जोडलेला आहे. मोटारीत सीट गरम करायची सोय १९६६मध्ये कॅडिलॅकने दिली, थंड प्रदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी. सीटमधून हवा खेळवण्याची कल्पना १९९०च्या दशकाच्या शेवटी स्वीडनच्या साबने प्रत्यक्षात आणली. त्याच सुमारास अमेरिकेतली अमेरिगॉन ही कंपनी वेगळ्या वाटेने जात होती. विजेने एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणारा छोटा तुकडा सीटमध्ये बसवायचा आणि त्यावरून वारा घालायचा. १९९९मध्ये ही सीट लिंकन नेव्हिगेटरमध्ये आली. हीच अमेरिगॉन बंगळुरूच्या मैनी समूहाची भागीदार होती आणि त्या भागीदारीतून १९९४मध्ये रेवा कंपनी उभी राहिली. चेतन मैनी यांची रेवा ही विजेची छोटी गाडी २००१मध्ये रस्त्यावर आली. ४८ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या, एकूण साठा ९.६ युनिट, पल्ला सुमारे ८० किलोमीटर. एवढ्या साठ्यातून कॉम्प्रेसरला वीज द्यायची म्हणजे पल्ल्याचा मोठा लचका तोडणं. पुढे रेवाच्या वरच्या मॉडेलला थंड-गरम होणारी सीट मिळाली.

त्यामागचा विचार मला आजही पटतो. अख्ख्या गाडीची हवा थंड करण्यापेक्षा माणसाची पाठ थंड करायला फार कमी वीज लागते. सीटच्या पंख्याला काही वॉट पुरतात, एसीला हजाराच्या वर. पाठीचा घाम वाळला की एसी दोन-तीन अंश वर ठेवूनही माणूस सुखात बसतो. खान्देशचा उन्हाळा कोरडा असतो, त्यामुळे इथे वारा घातला की घाम पटकन उडतो. घराघरात वाळ्याचा कूलर चालतो तोही याच कोरडेपणामुळे. भारतात हवेशीर सीट आधी महागड्या गाड्यांत होती, २०१७ची ह्युंदाई व्हर्ना आणि २०१९ची किया सेल्टॉस यांनी ती खाली आणली आणि मे २०२२च्या नेक्सॉन ईव्ही मॅक्समुळे ती मध्यम किमतीच्या विजेच्या गाडीतही आली. सनरूफ आणि हवेशीर सीट यांत एकच परवडत असेल तर इथल्या माणसाने सीट घ्यावी, हे मी कुणालाही सांगेन. अख्ख्या छताची काच दिसायला सुंदर असते, पण तिच्याखाली आतून ओढायचा जाड पडदा नसेल तर जळगावच्या मेमध्ये तिची किंमत एसीला मोजावी लागते.

उन्हाचा त्रास माणसासारखाच बॅटरीलाही होतो आणि हा धडा जगाला ॲरिझोनाने शिकवला. तिथल्या फिनिक्स शहराचा उन्हाळा आपल्या भुसावळच्या तोडीचा. २०१२मध्ये तिथल्या निसान लीफच्या मालकांच्या लक्षात आलं की वर्ष-दोन वर्षांतच बॅटरीची क्षमता घटते आहे. लीफच्या बॅटरीला थंड ठेवणारी द्रवाची यंत्रणा नव्हती. कंपनीला पुढे क्षमतेची वेगळी हमी द्यावी लागली. त्याच काळात आलेल्या शेव्हर्ले व्होल्टमध्ये बॅटरीभोवती द्रव फिरत होता आणि आज आपल्याकडच्या बहुतेक मध्यम किमतीच्या गाड्यांत तशी सोय असते. तरीही स्वस्त गाडी घेताना हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण गाडी धुळे-जळगावच्या उन्हात आठ-दहा वर्षं काढणार आहे.

मोठ्या स्क्रीनबद्दल फार लिहायची गरज नाही. १९८६च्या ब्युइक रिव्हिएरामध्ये स्पर्शाने चालणारी स्क्रीन होती, २०१२च्या टेस्ला मॉडेल एसने १७ इंची पडदा लावला आणि सगळे त्यामागे धावले. आता युरोपातली युरो एनकॅप ही चाचणी संस्था २०२६पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा गोष्टींसाठी खरी बटणं असावीत म्हणून गुण देते आहे. एसीचं बटणही हाताला लागणारं असावं. खड्डे चुकवत गाडी हाकताना नजर रस्त्यावरून हलवणं परवडत नाही.

स्टेपनी हा मात्र शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा विषय. २०२०च्या जुलैत केंद्राने नियम बदलून, टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी नसलेली गाडी विकायला परवानगी दिली. बॅटरीला जागा हवी असल्याने बऱ्याच विजेच्या गाड्यांनी स्टेपनी सोडली. गुळगुळीत हायवेवर ते चालतं. यावल-चोपड्याकडे शेतरस्त्याला लागलं की बाभळीचा काटा टायरच्या बाजूने घुसतो आणि बाजूचं भोक त्या किटच्या द्रवाने बुजत नाही. जिथे जवळचा पंक्चरवाला दहा किलोमीटरवर आहे, तिथे पाचवं चाक ही सोयींतली पहिली सोय आहे.

गाडीतून वीज बाहेर घेण्याची सोय आधी महागड्या गाड्यांत होती, सप्टेंबर २०२३मध्ये नव्या रूपातल्या नेक्सॉन ईव्हीने ती खाली आणली, सुमारे ३.३ केव्हीएपर्यंत. लोडशेडिंग सोसलेल्या भागात याचं अप्रूप वाटणं साहजिक आहे. घरातले पंखे, दिवे, फ्रिज, कूलर यावर आरामात चालतात, छोटी घरगुती मोटारही चालू शकते. शेतातला पाच एचपीचा थ्री-फेज पंप मात्र यावर चालणार नाही, त्याची गरजही जास्त आणि फेजही वेगळे.

आतापर्यंत बोललो ते स्वतःची गाडी घेणाऱ्यांबद्दल. दिवसभर गाडीतच बसून पोट भरणाऱ्यांना गारवा मिळायला आणखी वेळ लागला. सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात. तिथून रात्रंदिवस जाणाऱ्या ट्रकांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा करणारी अधिसूचना डिसेंबर २०२३मध्ये निघाली. १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू गाड्यांना ती लागू आहे. साडेतीन टनांपर्यंतचा छोटा हत्ती आणि तीनचाकी तिच्या कक्षेत येत नाहीत. बाजार समितीतून भाजी आणि केळी वाहणारी विजेवरची तीनचाकी चालवणारा माणूस एप्रिलमध्येही तापलेल्या रेक्झिनवरच बसतो. त्याच्या गाडीला एसी परवडणार नाही, हे मान्य. पण सीटमधला काही वॉटचा पंखा, छपराला उष्णता अडवणारा थर आणि समोरच्या काचेवर ऊन अडवणारी पुरेशी झडप एवढं तिच्या बॅटरीला सहज पेलतं. गाडी बनवणाऱ्यांनी हे आजच द्यावं आणि नियम करणाऱ्यांनी पुढची अधिसूचना या चालकांसाठी काढावी.