पार्श्वभूमी : लक्ष्य 'शहर'च का ठरलं?

मे १९४३मध्ये अणुबॉम्ब कुठे टाकायचा याची चर्चा झाली, तेव्हा अमेरिकी अधिकाऱ्यांच्या बोलण्यात पॅसिफिकमधलं ट्रुक बंदर आणि तिथलं जपानी आरमार होतं. दोन वर्षांत ते मागे पडलं आणि लक्ष्य म्हणजे अख्खं शहर, हे जणू गृहीतच धरलं गेलं. बॉम्ब टाकायला हवा होता की नको, यावर आजही हिरीरीने वाद होतो. त्याआधीच्या या बदलाकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही.

एप्रिल १९४५मध्ये लक्ष्य ठरवणारी समिती बसली. मे महिन्यातली तिची बैठक लॉस अलामॉसला, बॉम्ब बनवणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख ओपेनहायमर यांच्या कार्यालयात झाली. निकष असे: तीन मैलांहून जास्त व्यासाचं मोठं शहर, स्फोटाच्या दाबाने पुरेशी हानी होईल असं, आणि ऑगस्टपर्यंत बॉम्बहल्ल्यांतून शाबूत राहील असं. मार्चमध्ये टोकियो आगीत बेचिराख झालं होतं, त्यामुळे शाबूत शहरं उरली होती थोडीच. हिरोशिमात लष्करी कोठार होतं. पण टिपणात आणखीही एक नोंद आहे: शेजारच्या डोंगरांमुळे स्फोटाचा मारा एकवटून हानी वाढेल. माणसांनी गजबजलेल्या शहराबद्दलची ही नोंद वाचताना अंगावर काटा येतो.

मेअखेरीस ठरलं की पहिला बॉम्ब शहराच्या मध्यावर टाकायचा. कडेला असलेल्या कारखान्यांवर नेम धरायचा नाही. तरीही राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी २५ जुलैच्या रोजनिशीत लिहिलं की लक्ष्य लष्करी असेल, बायका-मुलं नव्हेत.

समितीच्या यादीत क्योतोचं नाव अग्रभागी होतं. तिथले लोक सुशिक्षित, त्यांना या अस्त्राचा अर्थ लवकर कळेल, असा युक्तिवाद होता. युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी ते नाव खोडलं. बॉम्ब प्रकल्पाचे प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज पुन्हापुन्हा आग्रह धरत राहिले, पण स्टिम्सन बधले नाहीत. जुनी राजधानी जाळली तर जपानी जनता कायमची दुखावेल आणि रशियाकडे झुकेल, हे त्यांनी ट्रुमन यांना पटवलं. (स्टिम्सन मधुचंद्राला क्योतोला गेले होते म्हणून ते वाचलं, असं सर्रास सांगतात. त्यांचं लग्न १८९३चं, क्योतोची भेट १९२६ची.)

क्योतो यादीतून गेलं आणि जुलैच्या शेवटी नागासाकीचं नाव यादीत आलं. अंतिम आदेशात हिरोशिमा, कोकुरा, निगाता, नागासाकी अशी चार नावं होती. ९ ऑगस्टला दुसऱ्या बॉम्बचं विमान आधी कोकुरावर गेलं. खाली धूर आणि धुरकं दाटलेलं होतं, तीन फेऱ्या मारूनही नेम धरता आला नाही. मग ते नागासाकीकडे वळलं.