पार्श्वभूमी : घरचा बीफ फहीता आणि मांसाच्या पट्टीचा वाद

घरी बीफ फहीता, म्हणजे तोर्तिया या मेक्सिकन पोळीत गुंडाळून खायचे भाजलेले गोमांस, करायचा म्हटले की मसाल्याआधी प्रश्न येतो तो मांसाचा. एक पाककृती स्कर्ट स्टेक (पोटाजवळची लांबट पट्टी) घ्यायला सांगते, दुसरी फ्लँक (पोटाचा मागचा भाग), तिसरी सरळ सरलॉइन (पाठीचा, कमरेकडचा मऊ तुकडा). कोणी मांस अख्खे भाजून मग कापतो, कोणी कच्चेच पातळ चिरून कांदा-ढोबळीबरोबर परततो. दोघेही त्याला फहीताच म्हणतात. हा घोळ आजच्या पाककृती लिहिणाऱ्यांनी घातलेला नाही. त्याचे मूळ टेक्सासमध्ये, 1982 सालच्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहे.

त्याआधीचे थोडक्यात. 1930 आणि 40 च्या दशकांत दक्षिण टेक्सासच्या रिओ ग्रांदे खोऱ्यातल्या मोठमोठ्या रँचवर, म्हणजे गुरांच्या कुरणांवर, गुरे कापली जात, तेव्हा मेक्सिकन वंशाच्या गुराख्यांच्या वाट्याला मालकाला नको असलेले भाग येत: डोके, आतडी, कातडे आणि पोटाजवळची एक लांबट, चिवट पट्टी. हे भाग मजुरीचाच हिस्सा म्हणून धरले जात. डोक्याचा बार्बाकोआ (मंद आचेवर शिजवलेले मांस) व्हायचा, पोटाचा मेनूदो (रस्सा), आणि ती पट्टी मेस्कीटच्या लाकडाच्या निखाऱ्यावर भाजून गव्हाच्या तोर्तियात गुंडाळून खाल्ली जायची. इंग्रजीत जिला स्कर्ट म्हणतात ती ही पट्टी म्हणजेच फहीता. हे नाव त्या मांसाचे होते, पदार्थाचे नव्हे. सीमेपलीकडे, ईशान्य मेक्सिकोत, तिला आराचेरा म्हणतात.

एका जनावरात ही पट्टी दोनच निघते. इतका थोडा माल बाजारात जाण्याइतका कधी साठतच नसे, त्यामुळे अनेक वर्षे खाटीक आणि गुराखी सोडले तर तिची ओळख कोणालाच नव्हती. छापील इंग्रजीत हा शब्द सापडतो तो थेट 1971 साली.

पट्टीची रचना समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावरच आहे. बाहेरचा स्कर्ट म्हणजे जनावराचे श्वासपटल. जन्मभर श्वासागणिक हलणारा हा स्नायू, म्हणून त्याचे तंतू जाड आणि सुटे, मध्येमध्ये चरबी, आणि चव इतकी गडद की पाठीच्या महागड्या तुकड्यांनाही ती येत नाही. वर एक चिवट पडदा असतो, तो सोलून काढावा लागतो. आतला स्कर्ट हा पोटाच्या भिंतीचा वेगळाच स्नायू. तो अधिक रुंद, अधिक पातळ आणि अधिक चिवट. दुकानात दोन्ही स्कर्ट या एकाच नावाखाली मांडलेले असतात. घरी केलेला फहीता वातड झाला तर हात बघण्याआधी मांस बघावे. पुष्कळदा ते आतले निघते.

1969 साली ही पट्टी विक्रीला आली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात ऑस्टिनच्या दक्षिणेला असलेल्या काइल गावात, मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनाच्या उत्सवात, मांसाच्या दुकानाच्या एका व्यवस्थापकाने फहीता टाकोचा, म्हणजे तोर्तियात गुंडाळलेल्या फहीत्याचा, ठेला लावला. पट्टी कशी साफ करायची, तिची जाडी कशी उलगडायची यावर त्याने आधी बरीच खटपट केली होती. पुढे जत्रा आणि रोडिओंमध्ये (गुराख्यांच्या कसरतींच्या स्पर्धांत) त्याचा ठेला ठरलेला असे. त्याच वर्षी रिओ ग्रांदे खोऱ्यातल्या ‘फार’ (Pharr) नावाच्या गावात एका उपाहारगृहाने फहीता मेनूवर घेतला. पहिला मान कोणाचा, यावर टेक्सासमध्ये आजही दोन तट आहेत. 1973 मध्ये ह्यूस्टनच्या नॅव्हिगेशन बुलेव्हार्डवर तोर्तियांचा कारखाना चालवणाऱ्या एका विधवा बाईने कारखान्यातच दहा टेबले मांडून निखाऱ्यावरच्या मांसाचे टाको विकायला सुरुवात केली, आणि शहरातला गोरा मध्यमवर्ग तिथे रांगा लावू लागला. माझ्या मते फहीत्याच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घटना हीच आहे. गुराख्यांचे खाणे शहरात आले आणि तरीही त्यातले मांस तेच राहिले.

मग 1982 साल उजाडले. ऑस्टिनमधल्या एका मोठ्या साखळी हॉटेलच्या जर्मन शेफने फहीता आपल्या उपाहारगृहात आणला. स्कर्ट पाहुण्यांना चिवट वाटेल असे त्याचे मत होते, म्हणून त्याने सरलॉइन घेतले. ते तापलेल्या लोखंडी ताटलीवर, वाफा सोडत टेबलाशी न्यायचे. सोबत गव्हाच्या गरम तोर्तिया आणि वाट्यांमध्ये ग्वाकामोले (अवोकाडोची चटणी) वगैरे. ताटली चरचरत जेवणघरातून गेली की शेजारच्या टेबलावरचा माणूसही तेच मागवी. पदार्थ प्रचंड चालला.

त्या शेफच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. हॉटेलला रोज एकसारखा, भरवशाचा माल लागतो, आणि स्कर्टचा पुरवठा त्या प्रमाणात होणे कठीण होते. सरलॉइन सहज मिळे, कोणी कसेही कापले तरी मऊ राही. शिवाय फहीता देशभर पोहोचला तो त्याच्या ताटलीमुळेच, हे नाकारता येत नाही. पण त्या दिवसापासून फहीता हे मांसाचे नाव राहिले नाही, वाढण्याच्या पद्धतीचे झाले. एकदा मांस बदलता येते हे मान्य केले की कोंबडी येणार, कोळंबी येणार, पुढे नुसत्या भाज्याही येणार. श्वासपटल नसलेल्या कोळंबीचा फहीता होऊच कसा शकतो, असे जुने टाकोवाले विचारत राहिले. त्यांचा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो.

घरच्या स्वयंपाकावर या निर्णयाचा परिणाम मेनूकार्डापेक्षाही खोल झाला. निखाऱ्यावर पट्टी अख्खी पडते, दोन्ही बाजूंनी करपूस होते, थोडी विसावते आणि मग तंतूंना आडवी चिरली जाते. ताटलीवर मात्र मांस कापलेलेच येते, कांदा आणि ढोबळी मिरचीच्या लांब कापांत मिसळून. घरोघर लोकांनी ताटलीवर जे दिसले त्याची नक्कल केली: मांस आधी कापायचे, भाज्या त्यातच टाकायच्या, सगळे एकत्र परतायचे. घरच्या शेगडीची आच एवढ्या ओल्या जिन्नसांना पुरत नाही. पाणी सुटते आणि मांस भाजले जाण्याऐवजी शिजते. करड्या रंगाचा, पाणचट फहीता ज्यांनी ज्यांनी घरी केला आहे, त्यांनी नकळत हॉटेलच्या ताटलीचे अनुकरण केलेले असते.

जुन्या पद्धतीने घरी करणे अवघड नाही. पडदा सोललेल्या पट्टीचे वीतभर तुकडे करावेत, पुसून अगदी कोरडे करावेत, आणि धूर येईतो तापलेल्या बिडाच्या तव्यावर प्रत्येक बाजू दोन-तीन मिनिटे भाजावी. तव्यावर गर्दी करू नये. पाच मिनिटे विसावू द्यावे. मग तंतू कोणत्या दिशेने जातात ते नीट पाहून त्यांना आडवे, पातळ चिरावे. स्कर्टचे तंतू पट्टीच्या रुंदीच्या दिशेने जातात. म्हणून तुकडा वळवून धरला नाही, तर सुरी तंतूंच्याच दिशेने चालते आणि उत्तम मांसही दोरखंडासारखे लागते. कांदा-ढोबळी त्याच तव्यावर, पण नंतर.

मुरवण्याचा मसालाही बदलत गेला. ठेल्यांवरच्या जुन्या फहीत्यात मीठ-मिरी आणि आगीची चव यांपलीकडे फारसे काही नसे. ह्यूस्टनच्या उपाहारगृहांनी सोया सॉस आणि अननसाचा रस आणला, लिंबू तर सगळीकडेच आले. लिंबाचे आम्ल मांसाच्या वरच्या थरातच काम करते. रात्रभर ठेवले तर आतला चिवटपणा तसाच राहतो आणि वरचा थर पिठूळ होतो. अननसातले विकर प्रथिने तोडते. आपल्याकडे मटणाला कच्ची पपई लावतात ती याच कारणासाठी, आणि पपई जास्त वेळ राहिली की काय होते ते मराठी स्वयंपाकघराला सांगायला नको. चांगल्या बाहेरच्या स्कर्टला यातले काहीच लागत नाही. मुरवण मोठे झाले ते स्कर्टच्या जागी दुसरे मांस येऊ लागल्यावर.

इकडे स्कर्टची मागणी आणि किंमत दोन्ही झपाट्याने चढली. टाकाऊ म्हणून वाटली जाणारी पट्टी अचानक इतकी महाग का झाली, या कुतूहलातून टेक्सासच्या एका कृषी विद्यापीठातल्या पशुविज्ञानाच्या अभ्यासकाने 1984 मध्ये तिच्या उगमाचा पहिला गंभीर अभ्यास केला. गुराख्यांची कहाणी आपल्याला ठाऊक आहे ती मुख्यतः त्याच्यामुळे. त्याच दशकात साखळी उपाहारगृहांनी चरचरती ताटली देशभर नेली.

आणि मग जपान. याकिनिकूच्या, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या, दुकानांत हीच पट्टी हारामी नावाने निखाऱ्यावर भाजतात. जपानच्या जकातीच्या हिशेबात श्वासपटल हे मांस नाही, अवयव आहे. अमेरिकी गोमांसावर जपानने आयातीचा कोटा घातला होता, तेव्हा हारामी त्या कोट्याबाहेर होती. अमेरिकेबरोबरच्या 1988 च्या करारानंतर 1991 मध्ये कोटा गेला, त्या जागी मांसावर पहिल्या वर्षी 70 टक्के जकात बसली, पुढे ती टप्प्याटप्प्याने उतरली. अवयवांवरची जकात मात्र त्यामानाने किरकोळ होती. साहजिकच अमेरिकेतला बाहेरचा स्कर्ट मोठ्या प्रमाणावर जहाजाने जपानला जाऊ लागला, आणि टेक्सासच्या दुकानांत राहिला तो बराचसा आतला. फहीत्याच्या मुलखातल्या माणसाला फहीता मिळेनासा व्हावा, याला बाजाराचा न्याय म्हणतात. मला तो न्याय पटत नाही. ज्यांना मजुरीचा हिस्सा म्हणून ही पट्टी घ्यावी लागली, त्यांच्या नातवंडांना ती आज परवडत नाही.

भारतात फहीता आला तो ताटलीच्या रूपात, आणि मुंबई-पुण्याला लाकडी पाटावरची लोखंडी ताटली नवी नव्हती. आपले सिझलर ऑस्टिनच्या त्या हॉटेलच्या आधीपासून चरचरत आहेत. त्यामुळे इथल्या मेनूकार्डावर चिकन आणि पनीर फहीता सहज सामावले. बीफ फहीता घरी करण्याचा प्रश्न महाराष्ट्रात वेगळा आहे: गोहत्याबंदी 1976 च्या कायद्यापासून आहे आणि 2015 मध्ये बैल आणि वळूही तिच्या कक्षेत आले, म्हणजे म्हशीचेच मांस उरते. श्वासपटल म्हशीलाही असते. मात्र खाटकाला ते नावाने मागून उपयोग नाही, फासळ्यांच्या आतला सपाट, मांसल पडदा हवा असे सांगावे लागते. म्हशीच्या मांसात चरबी कमी, म्हणून तव्यावरचा वेळ आणखी कमी ठेवावा.

ह्यूस्टन, डॅलस किंवा ऑस्टिनमध्ये राहणाऱ्यांनी दुकानातल्या ‘फहीता मीट’ या पाकिटावर विसंबू नये. त्यात आतला स्कर्ट असू शकतो, सरलॉइनचा फ्लॅप नावाचा तुकडा असू शकतो, आणि मसाला आधीच लावलेला असल्याने तंतू दिसत नाहीत. ब्रिटनमधल्यांसाठी आणखी एक गोष्ट: अमेरिकी पाककृतीतले सरलॉइन म्हणजे तिथला रंप, तिथले सरलॉइन नव्हे. मेक्सिकन वस्तीतल्या दुकानात ‘आराचेरा, बाहेरचा’ असे मागितले तर काउंटरमागचा माणूस बहुधा दुकानाच्या आतून काढून देतो, आणि पडदा सोलून हवा का, तेही विचारतो.